कोन द्यावा की उंची?

यंत्रचित्रण हा विषय आयटीआयमध्ये, तंत्रनिकेतनांत, अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात आणि तांत्रिक विभाग असलेल्या काही शाळांत शिकवला जातो. त्याची उत्तरपत्रिका तपासताना गुण कशाला दिले जातात ते पाहावे. रेषांची जाडी एकसारखी हवी, बाणाची टोके रेखीव हवीत, आकडे रेषेच्या वर मधोमध हवेत, छेदरेषा समान अंतरावर हव्यात. मापे 'सगळी' दिली आहेत की नाही हेही मोजले जाते. पण अमुक माप का दिले, तमुक का दिले नाही, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. सुबक चित्राला भरपूर गुण मिळतात, मग त्या चित्रावरून वस्तू नीट बनो वा न बनो. आमचा आक्षेप आहे तो या अध्यापनाला. तिरपे पृष्ठभाग आणि छेददृश्ये या दोन जागी त्याचे दुष्परिणाम सर्वांत स्पष्ट दिसतात. म्हणून येथे त्यांचाच विचार करू.

नियम कोठून आले ते प्रथम पाहू. भारतीय मानक ब्यूरोने १९८८ साली शाळा-महाविद्यालयांसाठी 'इंजिनिअरिंग ड्रॉइंग प्रॅक्टिस फॉर स्कूल्स अँड कॉलेजेस' ही संहिता काढली. एसपी ४६ या क्रमांकाने ती ओळखली जाते. २००३ मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली. वेगवेगळ्या मानकांत विखुरलेले नियम शिक्षकाला एका जागी मिळावेत हा तिचा हेतू स्तुत्य आहे. देशभर चित्राची भाषा एक झाली याचे बरेचसे श्रेय अशा संहितांना द्यावे लागेल. परंतु संहिता म्हणजे नियमांचे पुस्तक. 'असे करावे' हे ती सांगते. 'का करावे' हे सांगणे तिचे काम नव्हे. ते काम पाठ्यपुस्तकाचे आणि वर्गाचे. आपल्या बहुतेक पाठ्यपुस्तकांनी मात्र संहितेतील वाक्ये उचलली आणि कारणांची जागा रिकामीच ठेवली. विद्यार्थ्याला मग हे नियम पंगतीत पान वाढण्याच्या रीतीसारखे वाटतात. मीठ कोठे, लिंबू कोठे, हे पाठ करायचे, विचारायचे नाही.

मापांकनाचे तीन मूलभूत नियम पाहा. एक, वस्तू पूर्णपणे ठरावी इतकी मापे चित्रात असलीच पाहिजेत. दोन, कोणतेही माप एकदाच द्यावे. तीन, जो भाग ज्या दृश्यात सर्वांत स्पष्ट दिसतो, तेथेच त्याचे माप लिहावे. यांच्या जोडीला १९८६ च्या मापांकनविषयक भारतीय मानकात (आयएस ११६६९) एक महत्त्वाचा भेद केलेला आहे. काही मापे कार्यासाठी आवश्यक असतात, काही तशी नसतात, आणि काही केवळ माहितीसाठी कंसात दिलेली असतात. आमच्या मते सगळ्या विषयाची किल्ली या भेदात आहे. वस्तू कशासाठी आहे हे कळल्याशिवाय कोणते माप आवश्यक आहे हे ठरवताच येत नाही. आणि परीक्षेतील चित्राखाली वस्तू कशासाठी आहे हे बहुधा लिहिलेले नसते!

एक साधे उदाहरण घेऊ. लोखंडाचा एक ठोकळा आहे. तळाची लांबी १२० मिमी. डाव्या टोकाची उंची २० मिमी. तेथून वरचा पृष्ठभाग ३० अंशांनी चढत उजव्या टोकापर्यंत जातो. उजव्या टोकाची उंची किती? १२० × टॅन ३० अंश म्हणजे ६९.२८, त्यात २० मिळवले की ८९.२८ मिमी. विद्यार्थी पट्टीने मोजतो, ८९ लिहितो, आणि शेजारी ३० अंशही लिहितो. 'सगळी मापे दिली' म्हणून त्याला गुणही मिळतात. पण ८९ उंची खरी मानली तर कोन ३० अंश येत नाही. तो सुमारे २९ अंश ५४ मिनिटे येतो (एक अंश म्हणजे ६० मिनिटे). चित्रात दोन आज्ञा आहेत आणि त्या एकमेकींशी भांडत आहेत. यंत्रावरच्या कारागिराने कोणती पाळावी? त्याने कोणतीही पाळली तरी तपासनीस दुसरी दाखवून काम नापास करू शकतो. 'माप एकदाच द्यावे' हा नियम सुबकतेसाठी नाही, तो या भांडणासाठी आहे.

मग एकच द्यायचे तर कोणते, कोन की उंची?

येथे टॉलरन्स, म्हणजे चालण्याजोगा फरक, विचारात घ्यावा लागतो. जगातील कोणतेही यंत्र नेमके ३० अंश किंवा नेमके ८९.२८ मिमी कापत नाही. चित्रात स्वतंत्र टॉलरन्स लिहिलेला नसेल तेव्हा काय धरावे याची सर्वसाधारण कोष्टके असतात. १९८९ च्या आयएसओ २७६८ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या पहिल्या भागात 'मध्यम' वर्गासाठी कोनाचा चालणारा फरक असा दिला आहे : कोनाची लहान बाजू १० मिमीपर्यंत असेल तर ±१ अंश, १० ते ५० मिमी असेल तर ±३० मिनिटे, ५० ते १२० असेल तर ±२० मिनिटे, १२० ते ४०० असेल तर ±१० मिनिटे. लांबी वाढते तसा कोनातील फरक कमी का करत नेला आहे? कारण कोनातली चूक पंख्यासारखी पसरते. बिंदूपाशी ती शून्य असते आणि दूर जावे तशी रुंदावते. एक अंशाची चूक १० मिमी अंतरावर ०.१७ मिमी होते. तीच १०० मिमीवर १.७५ मिमी होते. हे कोष्टक पाठ करण्याची गरज नाही. ते असे उतरते का आहे, एवढे नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला टॅनच्या कोष्टकावरून स्वतः काढता येते.

आता आपल्या ठोकळ्याकडे परत येऊ. कोन दिला तर त्यात ±२० मिनिटे फरक चालेल. केवळ त्यामुळे उजव्या टोकाची उंची ±०.९३ मिमी बदलेल. त्याऐवजी दोन्ही उंच्या दिल्या तर त्याच मानकाप्रमाणे २० मिमीला ±०.२, ८९.२८ ला ±०.३ आणि १२० ला ±०.३ मिमी फरक चालतो. म्हणजे उंचीवरचा ताबा तिपटीने घट्ट झाला. कोनाचे काय होईल? तिन्ही मापांतील फरक सर्वांत वाईट रीतीने एकत्र आले तरी कोन सुमारे १५ मिनिटांपेक्षा जास्त हलत नाही. थोडक्यात, या ठोकळ्यासाठी उंच्या देणे दोन्ही बाजूंनी फायद्याचे आहे.

आता हाच ठोकळा एक दशांश आकाराचा घ्या. तळ १२ मिमी, डावी उंची २, उजवी उंची ८.९३. उंच्या दिल्या तर चालणारे फरक ±०.१ व ±०.२ आणि तळाचा ±०.२ मिमी. सर्वांत वाईट स्थितीत कोन ३१.५ अंशांपर्यंत चढू शकतो किंवा २८.५ पर्यंत उतरू शकतो, म्हणजे दीड अंशाचा फरक पडतो. कोन दिला असता तर फरक अर्धा अंशच चालला असता, आणि केवळ त्यापायी उंचीत ०.१४ मिमीपेक्षा जास्त बदल झाला नसता. येथे उत्तर उलटले. लहान तिरप्या कडेला कोन द्यावा.

शिक्षकांनी या ठिकाणी क्षणभर थांबावे अशी विनंती आहे. मोठा ठोकळा १:१ प्रमाणात आणि छोटा १०:१ प्रमाणात काढला, तर कागदावरची दोन्ही चित्रे रेषेला रेष लावून तंतोतंत सारखी येतील. तरीही योग्य मापांकन वेगळे आहे. केवळ चित्राच्या देखणेपणावर गुण देणाऱ्या परीक्षेला हा फरक कधीही दिसणार नाही. चँफर नावाची छोटी उतरती कड '२ × ४५°' अशी लांबी आणि कोन एकत्र देऊन का लिहितात, याचे उत्तर या छोट्या ठोकळ्यात आहे. पाठ्यपुस्तकात ही पद्धत 'संकेत' म्हणून येते आणि तेथेच संपते.

अर्थात कोष्टक हा शेवटचा शब्द नव्हे. याच मोठ्या ठोकळ्यावर दुसरा पाचरीचा ठोकळा घसरणार असेल तर कोनच कार्याचा आहे. मग तो देऊन त्याला स्वतंत्र, घट्ट टॉलरन्स लिहावा लागेल आणि त्यासाठी जास्त खर्चही मोजावा लागेल. कारागीर तो कोन साइन बारवर तपासतो : २०० मिमीच्या साइन बारचे एक टोक १०० मिमी स्लिप गेजवर टेकवले की साइन ३० अंश म्हणजे ०.५ हे सूत्र लोखंडात उतरते. भौमितिक टॉलरन्सच्या पद्धतीत तर कोन चौकटीत आदर्श म्हणून लिहितात आणि पृष्ठभागाने मिलिमीटरभर किंवा त्याहून बारीक जाडीच्या समांतर पट्ट्यात राहावे असे सांगतात. पंख्याची अडचण टाळण्याचाच तो उपाय होय. प्रयोगशाळेतील उपकरणांसाठी सुटे भाग बनवून घेताना आमचा अनुभव असा आहे की, चांगला कारागीर चित्र हाती घेताच पहिला प्रश्न 'हे कशावर बसणार?' असाच विचारतो. आपल्या वर्गात हा प्रश्न शेवटीसुद्धा येत नाही.

तिसऱ्या नियमाची गोष्टही अशीच आहे. त्या ३० अंशांच्या पृष्ठभागावर, त्याला लंब असे २० मिमी व्यासाचे भोक पाडले तर वरून पाहिलेल्या दृश्यात ते लंबवर्तुळ दिसते. त्याचा लांब अक्ष २० मिमी, पण आखूड अक्ष २० × कॉस ३० अंश म्हणजे १७.३ मिमी. त्या दृश्यात १७.३ हे माप लिहिणे म्हणजे वस्तूचे नव्हे, तिच्या सावलीचे माप लिहिणे. भोक खऱ्या आकारात दिसावे म्हणून तिरप्या पृष्ठभागाला लंब दिशेने पाहून साहाय्यक दृश्य काढायचे, आणि माप तेथे द्यायचे. तिरप्या गोष्टींची खरी लांबी व खरा आकार कागदावर कसा काढावा, याचे शास्त्र फ्रान्समध्ये गास्पार मोंझ (१७४६–१८१८) याने उभे केले. लष्करी तटबंदीसाठी ते इतके मोलाचे ठरले की काही काळ गुप्त ठेवले गेले. १७९५ मध्ये पॅरिसच्या एकोल नॉर्मालमध्ये त्याने त्यावर जाहीर व्याख्याने दिली. राज्याने दडवून ठेवावे असे ज्ञान आपण आज फक्त रेघोट्यांचा सराव म्हणून शिकवतो!

आता छेददृश्यांकडे वळू. वस्तू एका प्रतलाने कापली आहे असे मानायचे, पुढचा तुकडा मनातल्या मनात काढून टाकायचा आणि जेथे पाते धातूतून गेले तेथे छेदरेषा भरायच्या. 'छेदरेषा ४५ अंशांत काढाव्यात' हे सर्वांना पाठ असते. नियम खरे तर असा आहे की त्या मुख्य कडांशी किंवा सममिती-अक्षाशी सोयीच्या, शक्यतो ४५ अंशांच्या कोनात असाव्यात. कागदाच्या कडेशी नव्हे, वस्तूच्या कडेशी. वस्तूची कडच कागदावर ४५ अंशांत तिरपी असेल तर कागदाशी ४५ अंशांच्या छेदरेषा त्या कडेला समांतर जातात आणि कड कोणती, भराव कोणता हे कळेनासे होते. कारण कळले की विद्यार्थी स्वतःच रेषा वळवून घेतो. केवळ ४५ हा आकडा पाठ असेल तर तो वळवायला धजत नाही.

याहून गोंधळात टाकणारा नियम रिबचा. रिब म्हणजे आधारासाठी दिलेली पातळ भिंत. छेदप्रतल तिच्या लांबीतून गेले तरी तिच्यात छेदरेषा भरायच्या नाहीत. दांडा, बोल्ट, चाकाचे आरे यांनाही हाच नियम. पाते धातूतून गेले आहे, मग रेषा का नाहीत? चौकस विद्यार्थी येथे अडतो आणि 'तसा संकेत आहे' असे ऐकून गप्प बसतो. वास्तविक उत्तर सरळ आहे. आठ मिलिमीटर जाडीच्या रिबमध्ये छेदरेषा भरल्या तर पाहणाऱ्याला तेथे भरीव ठोकळा किंवा शंकूच आहे असे वाटेल. काटेकोर भूमिती पाळली तर वाचणाऱ्याची फसगत होते. म्हणून भूमितीला किंचित मुरड घातली आहे.

अशी मुरड एके ठिकाणी आकड्यांत दाखवता येते. गोल फ्लँजवर ८० मिमी व्यासाच्या वर्तुळावर तीन भोके आहेत, प्रत्येकी १२० अंशांवर. एक अगदी वर. उरलेली दोन खाली, डावीउजवीकडे. काटेकोर प्रक्षेप काढला तर वरचे भोक केंद्रापासून ४० मिमी वर येईल, पण खालचे ४० × कॉस ६० अंश म्हणजे केवळ २० मिमी खाली. दोन भोकांतील उभे अंतर ६० मिमी दिसेल. हा ६० आकडा कोणाच्याही उपयोगाचा नाही. म्हणून छेदप्रतल केंद्रापाशी वाकवून खालच्या भोकातून नेतात, आणि तो भाग फिरवून उभा केल्याप्रमाणे दाखवतात. आता अंतर ८० मिमी येते, म्हणजे भोकांच्या वर्तुळाचा खरा व्यास. चित्र प्रक्षेपाच्या नियमाला धरून नाही, पण वस्तूला धरून आहे. उत्तरपत्रिकेत येथे ६० दाखवणाऱ्या मुलाची भूमिती बरोबर आहे. त्याच्या उत्तरावर फुली मारून पुढे जाणे हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याला आधी शाबासकी द्यावी आणि मग '६० चा उपयोग कोणाला?' असे विचारावे.

एक उपप्रश्न विज्ञान शिक्षकांना. फुलाचा उभा छेद, हृदयाचा छेद, हातपंपाचा छेद ही चित्रे आपण सर्वच शिकवतो. यंत्रचित्रात पाते कोठून गेले हे दुसऱ्या दृश्यावर तुटक रेषेने आणि बाणांनी दाखवावे लागते. विज्ञानाच्या चित्रांत ते सहसा दाखवलेले नसते. मग विद्यार्थ्याला हृदय म्हणजे चार खोल्यांचा सपाट नकाशा वाटू लागते. 'हे कोठे कापले आहे आणि आपण कोणत्या बाजूने पाहत आहोत?' एवढा प्रश्न विचारायची सवय यंत्रचित्रणाने विज्ञानाच्या तासाला द्यावी.

आमच्या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील. पहिला : आता चित्रे संगणक काढतो, मग हे कशाला? संगणक छेद घेतो, प्रक्षेप काढतो, मापही टाकतो, हे खरे. पण आपल्या ठोकळ्याला तो कोन आणि ८९.२८ ही दोन्ही मापे विनातक्रार लिहून देईल. रिब म्हणजे काय हे त्याला सांगितले नसेल तर तिच्यात रेषाही भरील. रेघ मारण्याचे श्रम त्याने घेतले. निवड आपल्याकडेच राहिली. उलट, सुबकता आता फुकट मिळत असल्याने सुबकतेला गुण देण्याचे कारणच उरलेले नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. विद्यार्थी नवखा असतो. आधी नियम हाताला लागू देत, कारणे पुढे कळतील. वर्गात साठ मुले आणि तासाला चाळीस मिनिटे असणाऱ्या शिक्षकाची ही अडचण आम्ही नाकारत नाही. पण आयटीआयचा बराचसा विद्यार्थी 'पुढे' वर्गात नसतो, तो लेथवर असतो. चित्र काढणाऱ्याने जो निर्णय घ्यायचा टाळला, तो निर्णय तेथे त्याच्या अंगावर येतो आणि चुकला तर बिघडलेला माल त्याच्या नावावर लागतो. इतर कारणे थांबू शकतील, एवढे एक कारण मात्र त्याला पहिल्या वर्षातच कळले पाहिजे.

त्यासाठी अभ्यासक्रम बदलण्याची वाट पाहावी लागत नाही. प्रत्येक चित्राच्या प्रश्नाखाली वस्तूचे काम एका वाक्यात लिहावे. दहापैकी दोन गुण 'हे माप का दिले?' या एका ओळीच्या उत्तराला ठेवावेत. आणि वर्षातून एकदा विद्यार्थ्यांनी एकमेकांच्या चित्रावरून साबणाच्या वडीतून किंवा बटाट्यातून तो ठोकळा कापावा. चित्र काढणाऱ्याने मात्र कापणाऱ्याशी एक शब्दही बोलू नये. जेथे जेथे कापणारा हात थांबेल, तेथे तेथे चित्रात काय राहिले हे दोघांनाही कळेल. ज्या शाळांत हा प्रयोग होईल तेथील शिक्षकांनी हात कोठे कोठे थांबले याची यादी आमच्याकडे अवश्य पाठवावी.